जुन्या घरात नवीन हार्डवूड फ्लोअरिंग : न्यू जर्सी, १९२० च्या दशकातलं घर

ओसरी

नमस्कार मंडळी,

मध्य न्यू जर्सीत एक जुनं घर घेतलंय. १९२० च्या दशकातलं, दुमजली, कलोनियल धाटणीचं. दारं-खिडक्यांच्या चौकटी, जिन्याचा कठडा, सगळं मूळचं आहे आणि तेच बघून आम्ही दोघं या घराच्या प्रेमात पडलो. जमीन मात्र आधीच्या मालकांनी झाकून टाकलीय. हॉल, जेवणाची खोली आणि मागची (नंतर वाढवलेली) खोली यांत भिंतीपासून भिंतीपर्यंत कार्पेट, स्वयंपाकघरात जुन्या चौकोनी टाइल्स.

आम्हाला सगळीकडे खरं लाकूड हवंय, लाकडाचा छापील भास नको. दोन कॉन्ट्रॅक्टर येऊन गेले. एक म्हणाला, कार्पेट काढून आहे त्यावरच पाऊण इंची ओक ठोकून देतो, आठवड्यात काम. दुसरा म्हणाला, सगळं खालपर्यंत उखडावं लागेल. दोघांच्या आकड्यांत दुपटीहून जास्त फरक आहे.

प्रश्न:
सॉलिड (एकसंध लाकूड) घ्यावं की इंजिनिअर्ड (थर चिकटवून केलेलं, वर खऱ्या लाकडाचा थर)? जुन्या फळ्यांवर नवीन लाकूड चालतं का? ऑगस्टमध्ये काम काढलं तर बिघडतं का? आणि सासू-सासरे दर वर्षी सहा महिने आमच्याकडे असतात. सासूबाईंचे गुडघे दुखरे आहेत, त्यामुळे कुठेही उंबऱ्यासारखी पायरी झालेली नको.

ज्यांनी हे केलंय त्यांनी सविस्तर लिहा, प्लीज.

रानजाई

वाचतेय. आमच्याकडेही हाच विषय चालू आहे.

पटाशी

ओसरी, अभिनंदन. मी बॉस्टनजवळ राहतो, सुतारकाम हा छंद आहे आणि आमच्या १९१५ च्या घराच्या तीन खोल्यांची जमीन मी स्वतः केलीय. कुठलाही ओक घेण्याआधी दोन गोष्टी करा.

पहिली, हीटिंगची गरम हवा येते ती जमिनीत बसवलेली जाळी उचला. ती नुसती बसवलेली असते, हाताने निघते. त्या भोकाच्या कडेला जमिनीचे सगळे थर कापलेले दिसतात: कार्पेट, त्याखालचा फोम, मग जे काय असेल ते. टॉर्च मारा आणि फोटो इथे टाका. त्या काळातल्या घरांत दर्शनी खोल्यांना बहुतेक वेळा ओक असायचा आणि वरच्या बेडरूमना पाइन. तुमच्या कार्पेटखाली आधीच ओक असण्याची शक्यता चांगलीच आहे.

दुसरी, मॉइश्चर मीटर घ्या. दोन पिनांचा साधा मीटर हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. सबफ्लोअर (वरच्या लाकडाखालचा पायाचा थर), बेसमेंटमधले जॉइस्ट (जमीन पेलणाऱ्या तुळया) आणि पुढे येणारं नवीन लाकूड, या तिन्हींचा ओलावा मोजल्याशिवाय एकही खिळा ठोकू देऊ नका. सव्वादोन इंची पट्टी असेल तर सबफ्लोअर आणि नवीन लाकूड यांच्या ओलाव्यात चार टक्क्यांपेक्षा जास्त फरक नको. तीन इंच किंवा त्याहून रुंद फळी असेल तर दोन टक्के. सबफ्लोअर मुळात बारा टक्क्यांच्या खाली हवं.

एवढं मीटर-मीटर का करतोय ते सांगतो. लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, रुंदीत हलतं. आडव्या कापाचा रेड ओक ओलाव्याच्या प्रत्येक टक्क्याला रुंदीत साधारण ०.३७ टक्के फुगतो. बारा फूट रुंदीच्या खोलीत चार टक्क्यांचा फरक पडला तर हिशेबाने दोन इंचांच्या वर वाढ होते. खिळे धरून ठेवतात, सांधे थोडं दाबून घेतात, म्हणून प्रत्यक्षात तेवढं सरकत नाही. पण तो जोर कुठेतरी जाणारच. भिंतीपाशी पाऊण इंच फट सोडायची आणि ती बेसबोर्डखाली (भिंतीच्या तळाशी लावलेल्या पट्टीखाली) झाकायची, ते यासाठीच.

ऑगस्टमध्ये काम करायला हरकत नाही, एसी चालू ठेवून घरातली आर्द्रता वर्षभर जशी राहणार तशी राखली तर. ३० ते ५० टक्के सापेक्ष आर्द्रतेला लाकूड साधारण सहा ते नऊ टक्के ओलाव्यावर स्थिरावतं. उघड्या खिडक्या, दमट हवा आणि ट्रकमधून थेट जमिनीवर, असं झालं की फेब्रुवारीत हीटिंग चालू असताना फटीत नाणं उभं राहतं.

जास्वंदी

पटाशींनी लिहिलंय ते आमच्या ओळखीच्या घरी डोळ्यांनी पाहिलंय, फक्त उलट्या दिशेने. लाकूड सकाळी आलं, दुपारी ठोकायला सुरुवात. खाली ओलसर क्रॉलस्पेस (घराखालची रांगत जाण्याएवढी बुटकी जागा). दोन महिन्यांत प्रत्येक फळीच्या कडा वर आणि मध्ये खळगा. तिरप्या उन्हात जमिनीवर लाटा दिसायच्या. मग त्याच माणसांनी येऊन लगेच सँडिंग करून सपाट करून दिलं. हिवाळ्यात लाकूड वाळलं, कडा खाली बसल्या आणि आता फळ्यांच्या मध्यावर उंचवटे. अशी कपिंग झालेली (कडा वर उचललेली) जमीन आधी पूर्ण वाळू द्यायची, ओल कुठून येते ते शोधायचं आणि मगच मशीन लावायचं. बऱ्याचदा वाळल्यावर ती आपोआपच पुष्कळशी सरळ होते.

ओसरी, तुमची मागची खोली नंतर वाढवलेली आहे म्हणताय. तिच्या खाली काय आहे? बेसमेंट की क्रॉलस्पेस?

चौकट

मी घरांच्या तपासणीचं काम करतो, म्हणून थोडं काळजीचं लिहितो. स्वयंपाकघरातल्या टाइल्स मोजा. नऊ इंच बाय नऊ इंच असतील तर त्यांत ॲस्बेस्टॉस आहे असं धरूनच चाला, प्रयोगशाळेतून तपासणी होईपर्यंत. बारा इंची टाइल्समध्येही असू शकतं. त्याखालचा काळा डांबरासारखा गोंद असतो, त्यातही. टाइल शाबूत असेल तर ती स्वतःहून काही करत नाही. ती फोडणं, खरवडणं, सँड करणं, तिच्यातून शेकडो खिळे मारणं हे धोक्याचं. जो कॉन्ट्रॅक्टर 'आहे त्यावरच ठोकतो' म्हणाला, त्याने टाइल्सबद्दल काही विचारलं का?

दुसरं, १९७८ च्या आधीच्या घरात शिशाचा रंग असू शकतो. जमीन बदलताना बेसबोर्ड निघतात आणि त्या रंगाची धूळ उडते. २०१० पासून इथे नियम आहे की अशा घरात पैसे घेऊन काम करणाऱ्याकडे शिशाच्या रंगासंबंधीचं प्रमाणपत्र हवं. ते बघायला मागा. घरात लहान मूल असेल तर याबाबतीत अजिबात भीड धरू नका.

ओसरी

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री मुलं झोपल्यावर आम्ही जाळ्या उचलल्या.

हॉल: कार्पेट, हिरवट फोम (हात लावला की भुगा होतो), आणि खाली ओक! सव्वादोन इंची पट्टी, पाऊण इंच जाड. मी खाली बसून बोटाने धूळ पुसली तर सोनेरी रेघा दिसायला लागल्या. त्याखाली पाइनच्या पाच-सहा इंची फळ्या, तिरप्या.

जेवणाची खोली: इथे ओक नाही. त्याच जाडीचं प्लायवूड. बेसमेंटमधून बघितलं तर वरच्या फळ्यांवर पाण्याचे जुने काळे डाग आहेत, म्हणजे कधीतरी गळती होऊन तिथला ओक काढला असावा.

मागची खोली: क्रॉलस्पेसवरच आहे, आणि खाली उघडी माती. मीटरवर तिथल्या जॉइस्टचा आकडा १७. बाकी घरात ९-१०.

स्वयंपाकघर: टाइल्स नऊ इंचीच निघाल्या. चौकट, तुम्ही वेळेत सांगितलंत. आता त्याला कोणी हात लावणार नाही.

जमीन हॉलच्या मधोमध थोडी खोलगट आहे. गोटी ठेवली की जिन्याच्या दिशेला धावते. आणि करकर भरपूर.

पटाशी

वा, हॉलमध्ये ओक निघाला! आता तुमचं काम निम्मं बदललं. हॉलमध्ये नवीन लाकूड घालू नका. जुनंच सँड करून नव्याने पॉलिश करा. त्या काळातला ओक संथ वाढलेल्या झाडांचा असायचा, वर्षरेषा दाट. आज तशी पट्टी सहज मिळत नाही. जुन्या ओकवर नवीन ओक ठोकू म्हणणाऱ्याला नमस्कार करून निरोप द्या.

आधी एक तपासा. पाऊण इंची पट्टीत वरच्या पृष्ठभागापासून पट्ट्या एकमेकींत अडकतात त्या खाचेपर्यंत साधारण पाव इंच माल असतो. प्रत्येक पूर्ण सँडिंगला साधारण १/३२ इंच जातो. जाळीच्या कडेला तो थर मोजा. कुठे खिळ्यांची डोकी उघडी पडली असतील किंवा कडेच्या चिरफळ्या निघत असतील तर लाकूड संपत आलंय.

सासूबाईंच्या गुडघ्यांचं बोललात, त्याचं उत्तर इथेच आहे. हॉलमध्ये पाऊण इंच वाढवलं असतं तर जिन्याची पहिली पायरी तेवढीच बुटकी झाली असती. एका जिन्यातल्या पायऱ्यांच्या उंचीत ३/८ इंचापेक्षा जास्त फरक नसावा असा इथला नियम आहे. पायाला सवय झालेली असते, एकच पायरी वेगळी आली की माणूस अडखळतो. जेवणाच्या खोलीत प्लायवूड काढून तेवढ्याच जाडीचा ओक घातला की तो हॉलच्या पातळीला येऊन मिळेल, मध्ये पट्टी नको की उंबरा नको. नव्या-जुन्याच्या सीमेवर सरळ रेघ ठेवायची नाही. हॉलच्या काही पट्ट्या मागे-पुढे काढून नव्या पट्ट्या त्यांत विणून घ्यायच्या. यालाच वेळ लागतो आणि यातच कारागीर कळतो.

खोलगटपणाबद्दल: शंभर वर्षांचं घर समपातळीत आणायच्या मागे लागू नका. जमीन सपाट हवी, थोडी कललेली चालते. नवीन भागासाठी दहा फुटांत पाव इंच एवढा चढउतार चालून जातो. मध्ये खूपच बसलं असेल तर बेसमेंटमध्ये बघा, जॉइस्टला कोणी पाइप घालायला खाच मारली आहे का. खाच मारलेल्या जॉइस्टला शेजारी दुसरा जॉइस्ट जोडून बोल्ट मारता येतात. जॅक लावून उचलायचं असेल तर दर काही दिवसांनी १/८ इंच, त्याहून घाई नको. घाई केली की वरच्या मजल्यावरच्या प्लास्टरला तडे जातात आणि दारं अडकायला लागतात. हे मात्र इंजिनिअरला दाखवूनच करा.

करकर म्हणजे बहुतेक वेळा फळी आणि जॉइस्ट यांच्यातला ढिला खिळा. बेसमेंटमधून एकाने वर बघायचं, वर दुसऱ्याने चालायचं. जागा सापडली की खालून पाचर आणि गोंद, किंवा खालून स्क्रू. फक्त स्क्रूची लांबी मोजून घ्या, टोक वर यायला नको.

जास्वंदी

मागच्या खोलीचं १७ ऐकून मी तरी तिथे एवढ्यात लाकूड घालणार नाही. आधी मातीवर सहा मिलचं (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) पॉलिथिन, कडा भिंतीवर चढवून, जोडांवर एकमेकांवर घेऊन. पावसाचं पाणी पन्हळीतून पायापाशीच पडत असेल तर ते लांब न्या. मग दर आठवड्याला मीटर लावत राहा. आकडा उतरून स्थिर झाला की पुढचं.

आणि तरी त्या खोलीत मी इंजिनिअर्डच घेईन. आडव्या-उभ्या थरांमुळे ते रुंदीत कमी हलतं. वरचा खऱ्या लाकडाचा थर तीन-चार मिलिमीटरचा असेल असं बघा, म्हणजे पुढे एखाद-दोनदा सँड करता येईल. कागदासारखा थर असलेलं स्वस्त मिळतं, ते घेऊ नका.

हिवाळा

मधेच एक प्रश्न. इतकं करताय तर सागवान का नाही? आपल्याकडे साग म्हणजे शेवटचा शब्द.

पटाशी

हिवाळा, सागाचं मोठेपण त्याच्या तेलात आणि स्थिरपणात आहे. पाणी, ऊन, वाळवी यांना तो दाद देत नाही, ओलाव्याने फार हलतही नाही. पण कठीणपणात तो मधलाच. यान्का मोजणीत रेड ओक १२९०, व्हाइट ओक १३६०, हार्ड मेपल १४५०, हिकरी १८२०, आणि साग हजाराच्या थोडा वर. खुर्च्या ओढल्या जाणाऱ्या जेवणाच्या खोलीत ओकच बरा. शिवाय ओसरींना जुन्या रेड ओकशी जुळवायचंय. (आधी तो रेडच आहे ना ते बघा. व्हाइट ओकच्या नळ्या आतून बुजलेल्या असतात, म्हणून त्याची पिंपं करतात. रेडच्या उघड्या असतात. भिंगातून कापलेल्या टोकाकडे बघितलं की कळतं.)

कडीपाट

सगळा धागा एका बैठकीत वाचला. मी पुण्याहून. आमचा साताऱ्याकडे जुना वाडा आहे, वरच्या मजल्याला सागाच्या तुळया, वर कडीपाट, आणि कडीपाटावर मातीचा चांगला जाड थर. चुलतभावाचं म्हणणं माती काढून टाकू, हलकं होईल, वर लाकडी फ्लोअरिंग करू. हे बरोबर आहे का? आपल्याकडे पावसाळ्यात तर भिंतीसुद्धा घाम गाळतात.

चौकट

कडीपाट, माती काढल्याने वजन उतरेल हे खरं. पण ती माती खालच्या खोलीपर्यंत पावलांचा आवाज आणि उन्हाळ्याची उष्णता पोचू देत नाही. काढलीत तर ती दोन्ही कामं दुसऱ्या कशाने तरी करावी लागतील. त्याआधी तुळयांची टोकं बघा. भिंतीत जिथे तुळई शिरते तिथे पावसाची ओल मुरते आणि लाकूड आतून पोकळ होतं, बाहेरून रंग शाबूत असतो. जाड स्क्रू ड्रायव्हरने टोचून बघा, ठोकून आवाज ऐका. तो भक्कम वाजला पाहिजे, बद्द नाही. मातीच्या नळ्या दिसल्या तर वाळवी आहे, मग आधी तिचा बंदोबस्त. टोकं खराब असतील तर वर कितीही सुंदर लाकूड घालून उपयोग नाही.

माजघर

कडीपाट, मी गोव्याची. आमच्याकडच्या जुन्या दुमजली घरांत वरच्या मजल्याला रुंद फळ्यांची जमीन असते आणि ती इतकी वर्षं टिकलीय कारण खालून हवा खेळते. तळमजल्यावर मात्र जांभ्याच्या जोत्यावर लाकूड घालायचा मोह टाळा. जांभा पाणी ओढतो. तिथे फरशी किंवा कोबाच बरा.

तुमच्या वाड्यात दुरुस्तीला लाकूड लागलं तर पुण्याच्या टिंबर मार्केटमध्ये उतरवलेल्या वाड्यांचा जुना साग विचारा. पन्नास-शंभर वर्षं वाळलेलं लाकूड असतं ते, तरी हवेतल्या ओलाव्याने थोडं हलणारच. फक्त कापण्याआधी सुताराला प्रत्येक खिळा काढायला सांगा. आत राहिलेला एक खिळा करवतीचं पातं खातो.

कडीपाट

चौकट, माजघर, खूप आभार. माती सध्या तशीच ठेवतो. सुट्टीत जाऊन तुळयांची टोकं बघतो आणि वेगळा धागा काढतो.

ओसरी

अपडेट देते. तिसरा कॉन्ट्रॅक्टर बघितला. आल्या आल्या त्याने स्वतःचा मीटर काढला आणि बेसमेंट कुठे विचारलं, तेव्हाच आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं. शिशाचं प्रमाणपत्रही न मागता दाखवलं.

ठरलेलं असं: हॉलचा जुना ओक ठेवायचा. जेवणाच्या खोलीत नवीन सव्वादोन इंची रेड ओक, जॉइस्टला काटकोनात, सीमेवर विणून. खालच्या फळ्या तिरप्या असल्यामुळे त्यांवर सरळ ठोकता येईल, फक्त ढिल्या फळ्या आधी पक्क्या करायच्या आणि डाग पडलेल्या दोन बदलायच्या. स्वयंपाकघराच्या टाइल्स परवानाधारक माणसं काढतील, तोवर ते दार बंद. मागची खोली पुढच्या वर्षी.

भिंती गुण्यात नाहीत. जेवणाच्या खोलीच्या दोन टोकांत इंचभर फरक आहे. तो म्हणाला, भिंतीवरून सुरुवात नाही करायची, हॉलच्या जुन्या पट्टीच्या रेषेत सूत मारायचं आणि फरक शेवटच्या ओळीत बेसबोर्डपाशी घालवायचा. खाली १५ पौंडी फेल्ट (डांबरी कागद), दोन इंची क्लीट (फ्लोअरिंगचे खिळे) दर आठ-दहा इंचांवर.

आता पॉलिशचं सांगा. ऑइल बेस्ड की वॉटर बेस्ड? आमच्याकडे रोज जमीन पुसायची सवय आहे आणि देव्हाऱ्यापाशी समईचं तेल सांडतंच.

रानजाई

आम्ही वॉटर बेस्ड केलं. वास कमी, लवकर वाळतं, रंग पिवळा पडत नाही. पण नव्या-जुन्या ओकचा रंग जुळवायचा असेल तर ऑइल बेस्डची मधाळ छटा फरक झाकायला मदत करते असं आमचा माणूस म्हणाला होता.

पटाशी

रानजाईंशी सहमत. दोन्हीचा नमुना देव्हाऱ्याच्या कोपऱ्यात नव्या-जुन्या पट्ट्यांवर लावून बघा, दिवसा आणि रात्री.

पुसण्याबद्दल: बादलीत बुडवून निथळता पोछा बंद, स्टीम मॉप तर घरातच नको. मायक्रोफायबरचं फडकं घट्ट पिळून. ओकमध्ये टॅनिन असतं. पाणी आणि लोखंड एकत्र आले की काळा डाग पडतो आणि तो खोल जातो, म्हणून कुंड्यांच्या लोखंडी तिवया थेट जमिनीवर ठेवू नका, आणि भांड्यांची लोखंडी घासणी जमिनीला लावू नका. समईखाली पितळेचं ताट, तेल लगेच टिपायचं.

आणि हे सगळ्यांत महत्त्वाचं. ऑइल बेस्ड फिनिश किंवा जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकायच्या नाहीत. वाळताना त्या तापतात आणि आपोआप पेट घेतात. घरं जळली आहेत अशाने. बाहेर एकेक पसरून वाळवा किंवा पाण्याने भरलेल्या, झाकण असलेल्या पत्र्याच्या डब्यात ठेवा. कामगार संध्याकाळी निघाले की हे स्वतः बघा. सँडिंगच्या धुळीची पिशवीसुद्धा रात्री घरात ठेवू देऊ नका.

ओसरी

चिंध्यांचं माहीतच नव्हतं. हे लिहून फ्रिजवर लावते.

शेवटचं एक. मोजमाप २१० चौरस फूट आलंय. किती मागवू?

पटाशी

दहा टक्के जास्त. विणकामात तुकडे जातात, म्हणजे २३० च्या पुढे, पूर्ण गठ्ठ्यात. आलेलं लाकूड गॅरेजमध्ये उतरवून घेऊ नका, थेट जेवणाच्या खोलीत, गठ्ठे सोडून, मध्ये काठ्या घालून रचा. आकडा सबफ्लोअरशी जुळेपर्यंत मीटर लावत राहा. काम झाल्यावर उरेल ते परत करू नका. पलंगाखाली आडवं ठेवा, बेसमेंटमध्ये नाही. पुढे एखादी पट्टी बदलावी लागली तर तेच लाकूड लागेल.

हॉलचा कार्पेट काढल्यावर फोटो टाका.